रामाकोन्याचा हिवाळा

नागपुराहून छिंदवाड्याकडे निघालेला रस्ता सावनेर ओलांडून मध्य प्रदेशात शिरतो, सौंसर मागे टाकतो आणि सातपुड्याचा घाट चढण्यापूर्वी कन्हान नदीच्या काठी घटकाभर विसावतो. त्या विसाव्याचे नाव रामाकोना. दुकानांच्या पाट्या हिंदीत, शाळेची पुस्तके हिंदीत, परंतु ओट्यावरच्या गप्पा आणि स्वयंपाकघरातली कुरबुर मात्र मराठीत, असे हे गाव आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी पट्टाही सीमेच्या अलीकडे राहिला. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला असून रामाकोना आता त्या जिल्ह्यात मोडते. जिल्हा बदलला, पण पौषातली पहाट बदलली नाही. या लेखात आम्ही त्या पहाटेविषयी, आणि तिच्याशी लहान मुलांची गाठ पडते तेव्हा घरात काय घडते त्याविषयी लिहिणार आहोत.

रामाकोन्याला बर्फ पडत नाही. हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. कारण परप्रांतात आणि परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या पुष्कळ कुटुंबांची समजूत अशी असते की, जिथे बर्फ नाही तिथे थंडीही नाही. विदर्भ आणि त्याला लागून असलेला हा मुलूख म्हटला की डोळ्यांपुढे येते ते ऊन. ते खोटे नाही. नागपूरला मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. परंतु त्याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तो ३.५ अंशांपर्यंत उतरला, आणि तेथील नोंदींमधले हे सर्वांत कमी तापमान ठरले. रामाकोना तर नागपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे.

या थंडीचे मूळ मात्र बर्फातच आहे. पश्चिमेकडून येणारी वादळी हवा हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकली की मागोमाग उत्तरेचे कोरडे वारे मध्य भारतात उतरतात. आकाश निरभ्र होते. ढगांचे पांघरूण नसल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकून देते. गार हवा जड असते. ती डोंगरउतारावरून पाण्यासारखी ओघळते आणि नदीच्या खोलगटात साचते. वर छिंदवाड्याचे पठार सुमारे पावणेसातशे मीटर उंचीवर आहे आणि खाली कन्हानेचे खोरे. पहाटे नदीचे पाणी भोवतालच्या हवेपेक्षा कोमट असते, म्हणून त्यावरून वाफ निघते आणि सारे पात्र जणू चुलीवर ठेवल्यासारखे दिसते. सूर्य कासराभर वर आला की हे सारे नाहीसे होते. जानेवारीत या भागातली दुपार सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत चढते, आणि पहाट कधी बारा-तेरा, तर कडाक्याच्या दिवसांत त्याच्या निम्म्यावर येते. एकाच दिवसात दोन ऋतू भोगायचे, हा या हिवाळ्याचा स्वभाव होय.

आमचे मोठे बाबा आणि मोठी आई, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू आणि त्यांच्या पत्नी, रामाकोन्याच्या जुन्या घरात राहतात. आम्ही जबलपूरला असतो. धाकटा भाऊ गेली बारा वर्षे शिकागोला आहे. गेल्या हिवाळ्यात तो, त्याची पत्नी, पाच वर्षांचा मुलगा आणि नऊ महिन्यांची मुलगी असे चौघेजण महिनाभरासाठी आले. मुलीची ती पहिली संक्रांत होती आणि ती घरीच व्हावी असा मोठ्या आईचा आग्रह होता. आमच्या मुलांनाही सुट्या होत्या, त्यामुळे आम्हीही जाऊन राहिलो. मनातून आम्ही निर्धास्त होतो. उणे पंधरा अंशांत घसरगुंडी खेळणारी मुले. त्यांना रामाकोन्याच्या थंडीचे काय वाटणार!

दुसऱ्याच दिवशी पहाटे पाच वर्षांचा पुतण्या रजईत गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत होता. दात वाजत होते, नाकाचा शेंडा लाल झाला होता. मोठी आई त्याच्या पायांवर हात फिरवत म्हणाली, "पाय पाहा लेकराचे, कसे गारढोण झाले!" तेव्हा त्याने रजईतून तोंड काढून अगदी गंभीरपणे विचारले, "मोठी आजी, घरात थंडी का आहे? थंडी तर बाहेर असते ना?"

सारे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्या दिवसापासून आम्ही दोघे याच प्रश्नाचा विचार करीत राहिलो.

त्याचे म्हणणे त्याच्या अनुभवाला धरूनच होते. शिकागोत जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या खाली असते आणि एका हिवाळ्यात साधारण एक मीटरच्या आसपास बर्फ पडतो. मागे २६ आणि २७ जानेवारी १९६७ या दोनच दिवसांत ५८ सेंटिमीटर बर्फ पडून सारे शहर गाडले गेले होते. बसगाड्या आणि मोटारी रस्त्यातच सोडून लोक पायी घरी गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६९ साली, तेथील मराठी मंडळींनी महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. नागपूरला ३.५ अंशांची पहाट उजाडली त्याच हिवाळ्यात, ३० जानेवारी २०१९ रोजी, शिकागोचा पारा उणे ३१ अंशांवर गेला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. भाऊ आणि वहिनी त्या वेळी तिथेच होते. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी उमटली होती, असे वहिनी सांगते. पण खोलीत मात्र ती सुती कपड्यांत वावरत होती.

याचे कारण असे की, तिथे थंडीचा भार घर उचलते. तळघरातली भट्टी नळ्यांवाटे प्रत्येक खोलीत उष्ण हवा सोडते, भिंतींच्या पोटात उबेला अडविणारे अस्तर असते, खिडक्यांना दुहेरी काचा असतात. हे केवळ सोयीचे नव्हे, कायद्याचेही आहे. शिकागो शहराच्या नियमानुसार १५ सप्टेंबरपासून १ जूनपर्यंत घरमालकाने भाडेकरूच्या घरात दिवसा किमान २० आणि रात्री किमान १९ अंशांच्या आसपास ऊब राखलीच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत थंडीच्या दिवसांत घरातले तापमान किमान १८ अंश असावे, आणि घरात तान्ही मुले किंवा वृद्ध असतील तर त्याहूनही अधिक असावे, असे सांगितले आहे. रामाकोन्याच्या घरात त्या पहाटे भावाने आपल्या घड्याळातला तापमापक पाहिला. माजघरात अकरा अंश होते!

बर्फाच्या देशातली घरे पूर्वीपासून अशीच होती असेही नाही. अवघ्या दहा दिवसांचे मूल गमावल्यावर वैद्यक शिकण्याचा निश्चय करून १८८३ साली फिलाडेल्फियाला गेलेल्या आनंदीबाई जोशी यांना तिथल्या थंडीने किती छळले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने पातळ नेसण्यास सुरुवात केली. मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. घर उबदार नसेल तर थंडी माणसाच्या शरीराकडून किंमत वसूल करते, ही गोष्ट तिकडच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसून शिकली आणि मग घरे तशी बांधली.

आमच्या रामाकोन्याच्या घराने शिकलेला धडा नेमका उलटा आहे. मातीच्या जाड भिंती, वर कवेलूचे छप्पर, भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा, समोरासमोर दारे आणि मागे परस, अशी त्याची रचना आहे. वैशाखात याच फटींतून उष्ण हवा वर निघून जाते आणि भरदुपारी माजघरात डोळा लागतो. बांधणाऱ्यांनी आठ महिन्यांच्या उन्हाचा विचार केला आणि दोन महिन्यांची थंडी माणसांवर सोपवली. म्हणून आमच्याकडे थंडीचा भार घर उचलीत नाही, माणसे उचलतात. पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला मिळाले ते हे असे.

ती कशी उचलतात, हे महिनाभर आम्ही जवळून पाहिले. पहाटे साडेचारला मोठी आई उठते. परसात तांब्याचा बंब आहे. त्यात तुरीच्या काड्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या सारून ती जाळ करते. सहाच्या सुमारास पाणी कढत होते. तोवर मुले तिच्या अंथरुणात, तिच्याच पांघरुणाखाली येऊन शिरलेली असतात. हे पांघरूण म्हणजे जुन्या लुगड्यांच्या सात-आठ घड्या एकावर एक टाचून शिवलेली गोधडी. दोन घड्यांमध्ये कोंडलेली हवा ऊब धरून ठेवते. शिकागोच्या भिंतीतल्या अस्तराचे आणि या गोधडीचे शास्त्र एकच आहे. उन्हाची पहिली तिरीप अंगणात आली की तीळतेलाची वाटी घेऊन मोठी आई पाय पसरून बसे, धाकटीला पायांवर घेई आणि तिचे अंग चोळी. मग पाणी, मग पुसून कोरडे करून झबले आणि वर कुंची. ज्या वाचकांच्या घरांतून कुंची नाहीशी झाली असेल त्यांच्यासाठी सांगतो: टोपडे आणि पाठीवरची झूल एकत्र शिवून केलेला हा तान्ह्या मुलाचा पोशाख डोके, कान, मान आणि पाठ एकदम झाकतो.

वहिनीला यातले पुष्कळसे नवीन होते. शिकागोत मुलांना घराबाहेर काढणे म्हणजे अर्धा तास असतो, असे ती म्हणे. आधी लोकरी मोजे, मग जाड विजार, मग कोट, मग टोपी, मग हातमोजे, मग बूट. आणि सारे चढवून झाल्यावर मुलाला हमखास शू लागते! डिसेंबरात दुपारी सव्वाचार-साडेचारला सूर्य मावळतो. नवरा कामावर, मुलगा शाळेत, बाहेर बर्फ आणि घरात तान्ही मुलगी. दोन-दोन आठवडे टेलिफोनखेरीज दुसऱ्या मोठ्या माणसाशी समोरासमोर बोलणे होत नाही. तिथे अंगावर पिणाऱ्या बाळांना ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज द्यावेत, अशी बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस आहे, आणि ती थेंबांची बाटली तिने बरोबर आणलीच होती. थेंब चालूच राहिले, पण अंगणातल्या त्या उन्हात बसून ती एकदा सहज म्हणाली, "तिकडे घर गरम असतं हो, पण मी एकटी असते." कोणाची तक्रार म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून ती हे बोलली.

संध्याकाळी ओसरीसमोर शेकोटी पेटे. शेजारपाजारचे म्हातारे, शेतावरून आलेले गडी, मुले, कुत्रे, सारे कडे करून बसत. विस्तवात तुरीच्या हिरव्या शेंगा भाजल्या जात, कधी हुरडा, कधी वांगी. बागांमधली आंबिया बहाराची संत्री उतरून जात होती; उरलेली गोड संत्री शेकोटीशी बसून सोलायची आणि साल विस्तवावर पिळून फुसकन उडणारा जाळ पाहायचा, हा मुलांचा आवडता खेळ झाला. आमची स्वतःची मुले जबलपूरच्या शाळेत हिंदी-इंग्रजी शिकतात. घरी मराठी बोलतात, पण ती गरजेपुरती. पंख्याखाली किंवा दूरदर्शनसमोर बसून जी मराठी त्यांच्या तोंडी कधी आली नाही, ती इथे आठ दिवसांत आली. हुडहुडी, कडाका, काकडणे, दंव, धग, निखारा, राखुंडी, ऊब हे शब्द पुस्तकातून शिकविता येत नाहीत. ते अंगाला लागावे लागतात. पुतण्याला बर्फाचे पाच प्रकार ठाऊक होते, पण निखारा आणि राख यांतला फरक त्याला बोटाने कळला. सुदैवाने फारसे भाजले नाही.

तान्ह्या मुलाचे थंडीत इतके का जपावे लागते, याचे कारण वैद्यकाने आता नीट उलगडले आहे. बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा मोठा असतो, त्यातही डोके मोठे, त्यामुळे अंगातली उष्णता झपाट्याने निघून जाते. नुकत्या जन्मलेल्या बाळाला मोठ्या माणसासारखी हुडहुडी भरत नाही. त्यामुळे ते गारठले तरी आपल्याला चटकन कळत नाही; ते फक्त मंदावते, दूध ओढत नाही. म्हणूनच जन्मल्यावर निदान चोवीस तास बाळाला आंघोळ घालू नये असे आता सांगतात. कमी वजनाच्या बाळांसाठी काचेच्या उबदार पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ साली एडगर रे या डॉक्टरांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. कांगारूच्या पिशवीवरून तिला नाव पडले. पुढे भारतासह पाच देशांत झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मल्याबरोबर ही रीत सुरू केली तर कमी वजनाच्या बाळांच्या मृत्यूंचे प्रमाण चौथ्या हिश्श्याने घटते, असे तीत दिसून आले. यंत्रापेक्षा माणसाचे अंग श्रेष्ठ ठरल्याची अशी उदाहरणे विज्ञानात विरळाच. मोठ्या आईला हे सांगितले तेव्हा तिने फक्त पदर सावरून धाकटीला अधिक जवळ घेतले.

एवढे लिहून थांबलो असतो तर हा लेख आजीच्या मायेचे गोडवे गाणारा झाला असता. पण ही ऊब फुकट मिळत नाही, आणि तिची किंमत कोण देते, तेही सांगितले पाहिजे. साडेचारला उठून धुरात डोळे चोळीत जाळ घालणारी बाई पंच्याहत्तरीची आहे. तिचा खोकला पौषात सुरू होतो आणि फाल्गुनात थांबतो. लाकूड-काड्यांच्या धुराने लहान मुलांना न्यूमोनियासारखे फुप्फुसांचे विकार होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून खेड्यांतल्या कितीतरी घरांत गॅसची शेगडी आली, आणि आमच्याही स्वयंपाकघरात धुराची चूल उरलेली नाही. परंतु आंघोळीचे पाणी आणि अंग शेकणे यांसाठी विस्तव अजून आहेच.

याहून मोठा धोका कोळशाच्या शेगडीचा. थंडी फार वाढली की पेटती शेगडी खोलीत घेऊन दारे-खिडक्या लावून निजण्याची रीत उत्तरेकडे सर्वत्र आहे, आणि दर हिवाळ्यात अशा खोल्यांतून माणसे, कधी सबंध कुटुंबे, सकाळी उठत नाहीत. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो आणि झोपलेल्याला जागही येत नाही. आमच्या मुक्कामातल्या सर्वांत गार रात्री कोणीतरी सुचविले की, मुलांच्या खोलीत शेगडी ठेवावी. मोठ्या आईने साफ नकार दिला. "शेगडी ओसरीवर. लेकरं माझ्यापाशी," एवढेच ती म्हणाली. तिला त्या वायूचे नाव ठाऊक नाही. पण तिच्या सासूने तिला जे बजावले होते ते तिने पन्नास वर्षे मोडलेले नाही. त्या रात्री एका जाजमावर, चार गोधड्यांखाली, चार मुले आणि दोन बाया निजल्या. सकाळी पुतण्याच्या कपाळावर घाम होता.

आकाशातून बर्फ पडलेला पाहण्याची आमच्या मुलांना फार हौस. पुतण्या त्यांना रोज वर्णन करून सांगे: बर्फ पडताना आवाज होत नाही, सकाळी खिडकी उघडली की सगळे गप्प असते, आणि शाळेला सुटी मिळाली तर मग बाहुलाच करायचा! तेव्हा मोठे बाबा म्हणाले की, आपल्याकडेही आभाळातून बर्फ पडतो, पण तो असा मुकाट्याने येत नाही. गारांविषयी ते बोलत होते. माघ-फाल्गुनात उत्तरेकडची गार हवा आणि खालची दमट हवा भिडली की ढग उंच चढतात आणि गारा कोसळतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात अनेक दिवस गारपीट झाली आणि शेतकऱ्यांच्या तोंडचा घास गेला. संत्र्याच्या बागेत गार पडली की फळ तर जातेच, पण सालीला जखमा होऊन झाडही पुढे दुखणाईत होते. मुले पातेली घेऊन गारा वेचायला धावतात आणि बाप ओसरीवर डोके धरून बसतो. शिकागोतही मुलाला बर्फ हवासा असतो आणि पहाटे फावडे घेऊन दारातला बर्फ उपसणाऱ्या बापाला तो नकोसा असतो. ऋतूंची मौज लहानांनी घ्यावी आणि त्यांचा हिशेब मोठ्यांनी चुकवावा, ही व्यवस्था दोन्हीकडे सारखीच आहे.

संक्रांतीला धाकटीचे बोरन्हाण झाले. काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून तिला पाटावर बसविले. थोरल्यालाही, पाच वर्षे नुकतीच पुरी झाली होती म्हणून, शेवटचे एकदा शेजारी बसविले. काळा रंग उन्हाची ऊब शोषून घेतो, म्हणून एरवी वर्ज्य असलेला हा रंग या एका सणाला चालतो. बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे आणि पांढरा शुभ्र हलवा सवाष्णींनी ओंजळीओंजळीने दोघांच्या डोक्यावरून ओतला. पुतण्या आधी बावरला, मग दोन्ही हात वर करून ओरडला, "मराठी स्नो!" गल्लीतली मुले पाटाभोवती तुटून पडली आणि तोही त्यांच्यात गुडघ्यांवर रांगत बोरे वेचू लागला. हिवाळ्यातली फळे, ऊस, गूळ, तीळ आणि शेंगा मुलांच्या पोटात जाव्यात, चारचौघांच्या मुलांत आपले मूल मिसळावे, आणि ऋतुबदलाच्या तोंडाशी गावाने ते मूल पाहून घ्यावे, एवढा सगळा विचार या तासाभराच्या खेळात आहे.

जाण्यापूर्वी भावाने आणि आम्ही मिळून एक काम केले. निजायच्या खोलीला छपराखाली लाकडी फळ्यांची तक्तपोशी ठोकून घेतली, दाराच्या फटींना कापडी पट्ट्या लावल्या आणि परसात सौर बंब बसविला. उन्हाळ्यात हवा खेळावी म्हणून तक्तपोशीला उघडझाप करता येईल अशी झडप ठेवली आहे. मोठ्या बाबांनी आधी कुरकुर केली. पण मोठ्या आईने सौर बंबाची तोटी सोडून हात ओला केला आणि काही न बोलता जुन्या बंबाजवळचे सरपण उचलून बाजूला रचले. आता तिला साडेचारला उठायला नको. तरी ती उठते, ही गोष्ट वेगळी.

हे काम आम्हाला आवश्यक वाटले त्याचे कारण साधे आहे. थंडीचा भार माणसांनी उचलायचा तर घरात माणसे हवीत. या घरात एके काळी सतरा माणसे निजत; आज दोघे निजतात. नागपूर, पुणे, जबलपूर, शिकागो अशी बाकीची पांगली. पूर्वी सौंसरहून छिंदवाड्याला धापा टाकत जाणारी अडीच फूट रुळांची आगगाडी २०१५ च्या अखेरीस बंद पडली आणि तिच्या जागी मोठी गाडी आली. गावातून बाहेर जाणे सोपे झाले आहे आणि लोक जात आहेत. अशा वेळी उन्हासाठी बांधलेल्या घरात दोन वृद्ध जीव पौषातली पहाट काढतात, आणि त्यांना आता कोणाच्याही कुशीत शिरता येत नाही. लहान मुलांइतकेच म्हाताऱ्यांचेही अंग चटकन गारठते. आपण दूर राहणाऱ्यांनी आठवणींचे गोडवे गाताना हे विसरू नये. भिंत, छप्पर आणि दार यांनी आता त्यांच्या वाट्याचे काम करायला हवे.

यंदाच्या हिवाळ्यात जे वाचक मुलाबाळांसह अशा आपापल्या गावी जातील त्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दुपारच्या उन्हाला भुलून लोकरीचे कपडे घरी ठेवू नयेत. तान्ह्याचे डोके आणि पाय झाकावेत, आणि अंगावर एकच जाड कपडा घालण्याऐवजी दोन-तीन पातळ घालावेत. शेगडी बंद खोलीत कदापि नेऊ नये. आणि जाताना आईवडिलांसाठी नुसती मिठाई नेण्याऐवजी एक सुतार बरोबर न्यावा. बोरे वेचणारी मुले तर मिळून-मिसळून जातीलच. त्यांची काळजी करू नये. रामाकोन्याहून परत गेल्यावर पुतण्याचा पहिला टेलिफोन आला तेव्हा शिकागोत सहा इंच बर्फ पडला होता. बाहुला केलास का, असे आम्ही विचारले. केला, तो म्हणाला, आणि त्याला कुंची घातली.